अकरा आठवडे चुलीविना

पहाटे पावणेपाचला आमच्या ओट्यावर पाच वाट्या मांडलेल्या असायच्या. एकीत मोड आलेले मूग, दुसरीत रात्री भिजवलेले शेंगदाणे, तिसरीत बदाम, चौथीत खजूर, पाचवीत मेथीदाणे. शेगडीवर मी ताट पालथं घालून ठेवलं होतं. माझ्यापुरती ती बंद. सासूबाई पाणी प्यायला उठल्या की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाट्या मोजायच्या. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "हाई ढोरेसनं खाणं शे व माय," एवढंच म्हणाल्या, आणि जाता जाता मुगाच्या वाटीवरचं तिरकं झाकण सरळ करून गेल्या.

ही गोष्ट २०२२ च्या हिवाळ्यातली. दिवाळीची सुट्टी संपली आणि १४ नोव्हेंबरच्या सोमवारपासून मी शिजवलेलं अन्न बंद केलं. दूध, दही, तूपही बंद. फक्त झाडाचं, आणि तेही कच्चं.

मी सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना दर वेळी याचं नवल वाटतं. पण इथे महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा कितीतरी माध्यमांच्या आहेत. लूमच्या आणि डाइंगच्या कारखान्यांनी माणसं ओढली, माणसांमागून शाळा आल्या. आमची खानदेशी माणसं जळगाव-उधना रेल्वेनं आली. सासरे अमळनेरकडून आले ते लिंबायतला. आम्ही दोघं कोसाडला आलो, कारण फ्लॅटचा हप्ता इथलाच परवडत होता. आमचे हे सायणला लूमच्या खात्यात मास्तर आहेत. गाडीनं कोसाड, गोठणगाम आणि लगेच सायण.

पळायला लागले ते मुलगी दुसरीत गेल्यावर. तोवर शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यापलीकडे माझा खेळाशी संबंध नव्हता. सदतिसाव्या वर्षी माझी अर्ध्या मॅरेथॉनची वेळ २ तास ९ मिनिटांवर आली होती आणि येत्या फेब्रुवारीत दोन तासांच्या आत यायचं डोक्यात बसलं होतं. कच्च्या खाण्याचं खूळ तिथून शिरलं.

आमच्या पळणाऱ्यांच्या टोळीत अमरोलीचे एक भाई आहेत. मूळचे सौराष्ट्रातले, हिरे घासतात. इथे त्यांना रत्नकलाकार म्हणतात. पन्नाशीचे, सडपातळ, कधी दमलेले दिसत नाहीत. चार वर्षांपासून 'काचुं' खातो, म्हणाले. मी घरी आले ती निश्चय करूनच. त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं होतं, ते मला तीन महिन्यांनी आठवलं. ते पुढे येईल.

पहिले तीन आठवडे सोन्यासारखे गेले, हे कबूल करायलाच हवं. पोट हलकं, दुपारी वर्गात जांभई नाही, वजन ५६ वरून ५४ किलो. त्याच रस्त्यावर, त्याच श्रमात किलोमीटरमागे दहा-बारा सेकंद कमी लागत होते. मला वाटलं, मिळालं गुपित. खरं कारण साधं होतं. खाणं एकदम कमी झालं की आधी स्नायूंतली साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी जातं. दोन किलो ओझं उतरलं की कोणीही जरा जोरात पळतं. डब्यातला माल काढून टाकला की मालगाडीही हलकी धावते, पण ती माल पोचवत नाही.

कच्चं खाण्याची कल्पना काही मोबाईलमधल्या व्हिडिओंनी काढलेली नाही. झुरिकचे डॉक्टर मॅक्स बिर्शर-बेन्नर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या आरोग्यधामात रुग्णांना किसलेलं सफरचंद, भिजवलेले ओट आणि सुकामेवा द्यायला सुरुवात केली. आज दुकानात चारशे रुपयांना मिळणारी म्युस्ली ती हीच. शिजवल्यानं अन्नातलं चैतन्य जातं, असं त्यांना वाटे. त्या चैतन्यानं आपल्याकडच्या एका माणसालाही झपाटलं होतं, आणि तो माणूस माझ्या पळण्याच्या रस्त्यावरून चालत गेलेला आहे.

कोसाडहून अमरोलीकडे वळलं की छापराभाठा लागतं. १ एप्रिल १९३० रोजी दांडीयात्रा इथून सुरतेत शिरली. गांधीजी तेव्हा साठ वर्षांचे होते. साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर, २४ दिवस. त्याआधी तीनच दिवस, ओलपाड तालुक्यातल्या भाटगामला, त्यांनी आपल्याच माणसांची आणि स्वतःचीही भर सभेत हजेरी घेतली होती: सुरतेहून लॉरीनं दूध मागवता, मजुरांच्या डोक्यावर बत्त्या देऊन चालवता, हे गरिबांच्या देशाला शोभतं का? वाटेत त्यांचा स्वतःचा आहार होता शेळीचं दूध, खजूर, मनुका, लिंबू. दूध होतं, हे लक्षात ठेवा. कारण आदल्याच वर्षी त्यांचा कच्च्या अन्नाचा मोठा प्रयोग फसला होता.

१८९३ मध्ये प्रिटोरियात त्यांनी पहिल्यांदा चूल सोडून पाहिली. भिजवलेले गहू, मनुका, बदाम. दिवसागणिक टिपण ठेवलं आणि दहा-अकरा दिवसांत अशक्तपणानं प्रयोग आवरला. मग १९२९ च्या मेमध्ये पुन्हा, या वेळी आश्रमातल्या मंडळींना सोबत घेऊन. मोड आलेले गहू-हरभरे, कच्ची भाजी, खोबरं, फळं. आरंभी उत्साहानं 'यंग इंडिया'त लिहिलं. ऑगस्टमध्ये आव झाली, वजन उतरलं, आणि ते पुन्हा शेळीच्या दुधावर आले. तेही त्यांनी छापून सांगितलं. मला या प्रकरणातला सगळ्यात आवडणारा भाग हा. सुरू केल्याची बातमी सगळेच देतात. सोडल्याची बातमी देणारा मीतरी दुसरा पाहिला नाही. माझ्याच पळणाऱ्यांच्या ग्रुपवर पाच वाट्यांचा फोटो मी पहिल्याच दिवशी टाकला होता. शेवटच्या दिवशी काहीच टाकलं नाही.

सहाव्या आठवड्यात चढण बदलली. अमरोलीच्या पुलावर, जिथे पूर्वी वेग वाढवायचे तिथे पाय शिशाचे होऊ लागले. रात्री झोपेत जाग यायची आणि आधी डोक्यात यायची ती कळण्याची भाकरी. थंडी एवढी वाजायची की सुरतेच्या डिसेंबरात, जिथे लोक स्वेटर फक्त फोटोपुरता घालतात, मी वर्गात शाल पांघरून बसे. एकदा जुलाबही झाले. मोडाच्या कडधान्याला ओल, ऊब आणि वेळ लागतो. रोगजंतूंनाही तेच तीन लागतात. जर्मनीत २०११ साली मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली होती. साडेतीन हजारांवर माणसं आजारी, पन्नासहून अधिक मेली. आमच्या इमारतीच्या टाकीचं पाणी आणि ओट्यावर दीड दिवस ठेवलेले मूग यांची मला तोवर कधी भीती वाटली नव्हती, कारण मूग आपले कायम फोडणीत पडत आले.

मग उत्तरायण आली. सुरतेत १४ जानेवारीला कोणी घरात नसतं. सगळं शहर गच्चीवर. खालून उंधियूची पातेली वर येत होती, जिलबी, शेजारच्या काठियावाडी वहिनींचे लिलवाचे घुघरे. मी एका कोपऱ्यात गाजर घेऊन. पलीकडे उत्राणच्या वीजकेंद्राचा शीतलन-मनोरा दिसायचा, पंच्याऐंशी मीटरचा काँक्रीटचा घडा. दोनच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, तो सुरुंग लावून पाडला. त्या दिवशी मात्र त्याच्यावर पतंग अडकत होते. हे खाली वाकून म्हणाले, "एक घास घे. देव बघत नाहीये." मी घेतला नाही. देव बघत नसताना नियम पाळण्यात मला विशेष आनंद होत होता. हा आनंदच खरा आजार, हे कळायला आणखी दोन आठवडे गेले.

पाळी चुकली होती. डिसेंबरची आणि जानेवारीचीही. पहिल्यांदा मी त्याला सोय समजले. दुसऱ्यांदा डाव्या नडगीत एका बोटाच्या जागी दुखू लागलं आणि मग मी डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, "काय खाता?" मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी कागद पुढे केला. "कालचं सगळं लिहा. वजनासकट."

तो कागद अजून माझ्याकडे आहे. सहा केळी, जळगावची: ६०० कॅलरी. मोड आलेले मूग दोन वाट्या, २०० ग्रॅम: ६०. अर्धा किलो पपई: सव्वादोनशेच्या आत. गाजर, काकडी, टोमॅटो, कोबी मिळून अर्धा किलो: १२५. मूठभर शेंगदाणे: १७०. ओल्या खोबऱ्याचा पन्नास ग्रॅमचा तुकडा: १७५. पाच खजूर: ११५. बेरीज साधारण १,४६०. ताट म्हणून पाहिलं तर हा दोन किलोच्या आसपासचा ढीग होता. मी दिवसभर चावत असे, मधल्या सुट्टीत मुलं माझा डबा बघून हसत. तरी बेरीज एवढीच.

आता खर्च. पळताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी जाते. मी ५४ किलोची, रोज सरासरी सात किलोमीटर: ३८०. उरल्या १,०८०. चरबी सोडून माझं शरीर अंदाजे ४२ किलोचं. भागाकार आला पंचवीस-सव्वीस. खेळाडू बाईला किलोमागे तीसच्या खाली आलं की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं, डॉक्टर म्हणाल्या. आधी प्रजननाचं, मग हाडांचं. मंदी आली की आमच्या ह्यांच्या खात्यात आधी रात्रपाळी बंद होते, अगदी तसंच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये याला नाव दिलं, 'रेड-एस', म्हणजे खेळाडूच्या ऊर्जेची तूट. प्रथिनांची बेरीज तर तिशीच्या आसपास आली. पळणाऱ्याला किलोमागे किमान १.२ ग्रॅम धरतात; मला पासष्ट हवी होती.

रक्ततपासणीत फेरिटिन ९, हिमोग्लोबिन १०.१, बी-१२ १४२. बी-१२ बद्दल मला सगळा दोष कच्च्या खाण्यावर टाकता येणार नाही. ते झाडात नसतंच, आणि दूध कमी पिणाऱ्या शाकाहारी घरांत ते आधीच तळाला असतं. अकरा आठवड्यांत एवढं उतरत नाही. म्हणजे भांडं आधीच रिकामं होतं, मी ते फक्त उलटं करून पाहिलं.

नंतर वाचलं की मी काही नवा पराक्रम केला नव्हता. जर्मनीतल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं कच्चं खाणाऱ्या ५१३ जणांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. चौथा हिस्सा बाया वजनानं प्रमाणापेक्षा खाली होत्या, पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे तीस टक्के बायांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण बंद. अन्न जितकं जास्त कच्चं, तितका हा प्रकार जास्त. त्यानंतर २००५ मध्ये अशाच २०१ जणांची तपासणी झाली: वाईट कोलेस्टेरॉल छान खाली, पण ३८ टक्क्यांना बी-१२ ची कमतरता. दोन्ही खरं.

वनस्पतीचं खाऊन खेळता येत नाही असा अर्थ कोणी काढू नये. ऑस्ट्रेलियाचा मरे रोज शाकाहारी होता, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सतरा वर्षांचा असताना त्यानं पोहण्याची तीन सुवर्णपदकं घेतली. अमेरिकेचा स्कॉट जुरेक प्राण्याचं काहीच खात नसे आणि शंभर मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत १९९९ ते २००५ अशी सलग सात वेळा जिंकला. पण त्याच्या ताटात भात, डाळी, उसळी होत्या, शिजवलेल्या. आपल्या जवळचं बघायचं तर डांगची सरिता गायकवाड २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चार बाय चारशेच्या रिलेत सुवर्ण घेऊन आली, आणि राज्याच्या सीमेपलीकडे त्र्यंबक तालुक्यातली कविता राऊत २०१० मध्ये दहा हजार मीटरचं रौप्य. या डोंगरात नागलीची भाकरी भाजली जाते. मूठभर नागली कच्ची चावून पाहा म्हणजे चूल कशासाठी शोधली ते कळेल.

हार्वर्डचे रिचर्ड रँगहॅम यांनी २००९ च्या पुस्तकात हेच मोठ्या पटावर मांडलं. त्यांच्या मते माणूस स्वयंपाकामुळे माणूस झाला: आगीनं पिष्ट फुलतं, प्रथिनं उलगडतात, पचनाचं अर्धं काम पोटाबाहेर होतं. म्हणून आपली आतडी आखूड आणि डोकं मोठं. टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटिन शिजवल्यावर जास्त अंगी लागतं. उलट क जीवनसत्त्व आणि फोलेट आचेवर जातं. राजमा तर कच्चा खाणं हे विष खाणं आहे; त्यातलं लेक्टिन नीट उकळल्याशिवाय मरत नाही. कच्च्याच्या बाजूनं माझ्याकडे एक भक्कम साक्षीदार आहे, बीट. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात २००९ मध्ये आठ पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बिटाचा रस दिला, तर कठीण सायकलिंगमध्ये दमेपर्यंतचा वेळ १६ टक्क्यांनी वाढला. त्यातली नायट्रेटं उकळल्यावर पाण्यात जातात. हा रस मी अजूनही घेते, मोठ्या पळण्याच्या अडीच तास आधी. दुसऱ्या दिवशी लघवी लाल दिसली तर घाबरू नये, ही सूचना मला कोणी दिली नव्हती म्हणून इथे देते.

आता स्वभावाच्या विषयाकडे येते, कारण डॉक्टरांचा कागद संपल्यावर माझ्यापुढे खरा प्रश्न तोच उरला. मी शिकलेली, बेरीज येणारी बाई. बेरीज अकरा आठवडे का केली नाही?

त्याच वर्षी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आमची व्यक्तिमत्त्व चाचणी झाली होती. सोळा प्रकार, चार अक्षरं. ही पद्धत कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी रचली. दोघी मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. मला आय-एस-टी-जे मिळालं: अंतर्मुख, वस्तुनिष्ठ, तर्कानं चालणारी, शिस्तीची. मी हरखले. सहा आठवड्यांनी मैत्रिणीच्या मोबाईलवर तीच चाचणी पुन्हा दिली तर मधली दोन अक्षरं बदललेली. दोन चाचण्यांमध्ये माझा स्वभाव बदलला नव्हता. पहिल्या दिवशी मी पोटभर पोहे खाऊन बसले होते आणि दुसऱ्या दिवशी सहा केळ्यांवर. मानसशास्त्रज्ञ आता चौकटींपेक्षा मोजपट्ट्या वापरतात: नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं, मनाची घालमेल. प्रत्येक पट्टीवर प्रत्येक जण कुठेतरी असतो, आणि बहुतेक जण मधेच.

आपल्याकडे हे सगळं एका शब्दात भरलेलं आहे. "प्रकृती कशी आहे?" असं विचारतो तेव्हा तब्येत विचारतो. "त्याची प्रकृतीच तशी" म्हणतो तेव्हा स्वभाव. 'पिंड' तर त्याहून मजेदार. देहही, स्वभावही, आणि भाताचा गोळाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात माणसाला काय आवडतं त्यावरून त्याचे तीन प्रकार केले आहेत. ज्यांना वाटतं की सात्त्विक म्हणजे काकडी, त्यांनी तो भाग पाहावा: तिथे सात्त्विक अन्न रसाळ, स्निग्ध, टिकाऊ बळ देणारं असं सांगितलंय. तिखट, दाहक ते राजस. आमचा ठेचा तिथे सरळ राजसात जातो, त्याला इलाज नाही. वैद्य माझ्यासारख्या सडपातळ, कोरड्या, धावपळ्या बाईला वातप्रकृतीची म्हणतात आणि कच्चं, थंड, कोरडं कमी करायला सांगतात. पुण्याच्या भूषण पटवर्धन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये प्रकृतीचा आणि एचएलए जनुकांचा संबंध तपासणारा लेख लिहिला; थोड्या लोकांवरचा, पण दार उघडणारा. त्यावरून कोणी कोणाचा जेवणाचा तक्ता लावू नये. तरी माझ्या बाबतीत वैद्य आणि त्या डॉक्टरबाई वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच भाकरीपाशी आले.

मला मात्र खरं उत्तर मिळालं ते त्या रत्नकलाकार भाईंकडून. फेब्रुवारीत पुलावर भेटले, मी चालत होते. सगळं सांगितलं. ते थांबलेच. "पण बेन, मी तर सांगितलं होतं ना, सांजे खिचडी खाउं छुं!"

सांगितलं होतं. दिवसा काचुं, रात्री खिचडी-कढी, आणि पळणं पाच किलोमीटर. मी पहिला अर्धा भाग ऐकून घरी निघाले होते. अर्धंमुर्धं मला ऐकूच येत नाही. परीक्षेचा अभ्यास करायची तर जेवण विसरायची, जमाखर्च लिहायची तर चार आण्याचाही. आमचे हे उलट: सगळं चवीपुरतं. त्यांनी कच्चं खायला सुरुवात केली असती तर तिसऱ्या दिवशी सायण स्टेशनवर वडापाव खाऊन मोकळे झाले असते आणि त्यांची पाळी नसली तरी नडगी शाबूत राहिली असती. नेटकेपणाच्या पट्टीवर मी वरच्या टोकाला आहे, आणि वरच्या टोकाच्या माणसाला कुठलाही कडक आहार गोड लागतो. अमेरिकेतले डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये अशा शुद्ध खाण्याच्या वेडाला 'ऑर्थोरेक्सिया' नाव दिलं. ते स्वतःही एकेकाळी त्यातून गेले होते. त्यांनी वर्णन केलेली माणसं घासापेक्षा नियम चावतात. गच्चीवरची मी.

माझ्या सासूबाईही नियमाच्या पक्क्या आहेत. कांदेनवमीला भजी, वांग्याची, कांद्याची खाऊन घेतात आणि चातुर्मासभर दोन्ही वर्ज्य. वांगं सोडणं म्हणजे खानदेशी माणसानं काय सोडणं हे जाणकार ओळखतील. पण कार्तिकी झाली की पहिलं भरीत त्याच करतात, आणि तेलाची धार सढळ. त्यांच्या व्रताला उजवण असते. तारीख ठरलेली, शेवट ठरलेला, शेवटी गोडधोड. माझ्या व्रताला सुरुवातीचा सोमवार होता; शेवटचा वार मी लिहिलाच नव्हता. मोबाईलवरच्या आहारगुरूंपैकीही कोणी लिहीत नाही, कारण ग्राहक सुटतो.

३० जानेवारीला सासूबाईंना मी म्हटलं, "आत्या, आज उजवा माझं." त्यांनी जास्त विचारलं नाही. शेगडीवरचं ताट उचललं, वांगी भाजायला लावली. कळण्याचं पीठ मळताना मधेच पाण्याचा हात लावून परातीच्या कडेचा गोळा ओढून घ्यायची त्यांची एक लकब आहे. ती मी अकरा आठवड्यांत पाहिली नव्हती. वांग्याची साल फुटली तो चर्र आवाज आणि जळका वास. मी उभ्यानंच पहिला घास खाल्ला. दुसऱ्याला बसले.

पाळी परत यायला एप्रिल उजाडला. नडगीमुळे सहा आठवडे पळणं बंद. हाडाला चीर गेली नव्हती, जायच्या बेतात होती. फेब्रुवारीची शर्यत मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिली, पाण्याचे ग्लास भरत. पुढच्या वर्षी पळाले: २ तास ३ मिनिटं.

आता माझ्या ताटात कच्चं साधारण तिसरा हिस्सा. पळण्याआधी केळं किंवा खजूर, जेवणात कोशिंबीर, वर लिंबू, म्हणजे भाकरीतलं लोह अंगी लागतं. मूग मोड आणून वाफवून. बी-१२ ची गोळी. हिवाळ्यात अडाजणला पोंक खायला जातो. आपल्याकडचा हुरडाच तो. कोवळी ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आचेत भाजून, कापडात घालून काठीनं बडवतात आणि हिरवे दाणे गरम गरम पुडीत, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर.

ओट्यावर पहाटे आता दोनच वाट्या असतात, बदामाची आणि शेंगदाण्यांची. सासूबाई त्र्याहत्तरच्या झाल्या, अजून पावणेपाचला उठतात. झाकण सरळच असतं. शेंगदाणे मात्र रात्री भिजवलेल्यापेक्षा थोडे कमी भरतात, आणि गुळाच्या डब्याचं झाकण उघडं.